वऱ्हाडातील मालमोटारींचे इंधन

सुरतेहून निघून धुळे, जळगाव, अकोला व अमरावती ही शहरे मागे टाकीत नागपूर-रायपूरमार्गे कोलकात्याकडे जाणाऱ्या, पूर्वी सहाव्या आणि हल्ली त्रेपन्नाव्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, लोणी आणि माना या दोन वऱ्हाडी गावांच्या दरम्यान, जून २०२२ च्या पहिल्या आठवड्यात पंच्याहत्तर किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला, आणि या कामगिरीची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथात झाली. अहोरात्र खपणाऱ्या सातशेवर माणसांच्या श्रमांचे कौतुक झाले ते सर्वथा योग्यच होते. परंतु रस्ता किती त्वरेने सिद्ध झाला या प्रश्नापेक्षा, त्या रस्त्यावरून जे वाहिले जाते ते कशाच्या बळावर वाहिले जाते, हा प्रश्न मला अधिक चिरस्थायी महत्त्वाचा वाटतो. कारण रुईच्या गाठी, सरकी, ढेप, तूर, सोयाबीन, वरूड-मोर्शीकडची संत्री, छत्तीसगडाकडून येणारे लोखंड आणि सिमेंट या साऱ्या मालाच्या पाठीमागे एकच एक द्रव्य उभे आहे, आणि ते म्हणजे डिझेल.

या द्रव्याचा रासायनिक हिशेब सोपा असला तरी प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. एक लिटर डिझेलचे वजन किलोच्या पाच-षष्ठांशाइतके भरते, आणि ते जळाल्यावर मात्र सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. हे अधिकचे वजन हवेतून आलेले असते. डिझेलच्या वजनापैकी सुमारे ८६ टक्के भाग कार्बनचा असून, त्यातील प्रत्येक बारा भाग कार्बन जळताना हवेतील बत्तीस भाग ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि चव्वेचाळीस भाग वायू निर्माण करतो. आता अकोल्याहून मुंबईस रुईच्या शंभर गाठी, म्हणजे गाठीमागे १७० किलो या प्रमाणे सतरा टन माल घेऊन निघालेली मालमोटार लिटरमागे चार किलोमीटरचे ‘ॲव्हरेज’ देते असे धरल्यास, पावणेसहाशे किलोमीटरांच्या या एका खेपेत सुमारे १४५ लिटर डिझेल जळते आणि पावणेचारशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. म्हणजेच एकेका गाठीच्या माथी पावणेचार ते चार किलो वायूचा भार चढतो, आणि परतीचे भाडे न मिळाल्यास रिकाम्या फेरीचा भार आणखी निराळा. देशाच्या पातळीवर पाहता, रस्त्यावरील एकंदर वाहनांत मालमोटारींचे प्रमाण अवघे तीन टक्क्यांच्या घरात असूनही देशांतर्गत मालापैकी सुमारे सत्तर टक्के माल त्याच वाहतात, आणि वाहतूकक्षेत्रातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी एकतृतीयांश त्यांच्याच धुराड्यांतून निघतो, असे नीती आयोगाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात नमूद आहे.

यावर उपाय म्हणून जी निरनिराळी इंधने सुचविली जातात, त्यांची नावे ऐकूनच सामान्य माणूस गांगरून जातो. बायोडिझेल, बायोगॅस, द्रवरूप नैसर्गिक वायू, वीज, हायड्रोजन, अशी ही मालिका लांबतच जाते. माझ्या मते या सर्वांना लावण्याची कसोटी एकच आहे: जळणाऱ्या इंधनातील कार्बन आला कोठून? कोट्यवधी वर्षे भूगर्भात पडून राहिलेला कार्बन वर काढून जाळला तर वातावरणातील एकंदर साठ्यात तेवढी कायमची भर पडते. उलट, याच वर्षीच्या पिकाने याच वर्षीच्या हवेतून शोषून घेतलेला कार्बन जाळला तर तो आला तेथेच परत जातो, आणि हवेच्या खात्यावर जमा तितकीच नावे पडून बाकी शून्य राहते. मात्र हा जमाखर्च प्रामाणिकपणे मांडायचा तर ते पीक वाढविण्यास, गोळा करण्यास, त्यावर प्रक्रिया करण्यास आणि ते पंपापर्यंत आणण्यास जे इंधन लागले, जो रासायनिक खतांचा वापर झाला, आणि वाटेत जी गळती झाली, त्या सर्व रकमा नावे लिहिल्याच पाहिजेत. धुराड्याच्या तोंडाशी काय दिसते एवढ्यावर निकाल देणारा मनुष्य या विषयात हमखास चुकतो.

वऱ्हाडाला इंधनपालट हा काही अपरिचित अनुभव नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि या मुलखाच्या कापसास सोन्याचा भाव आला, तेव्हा तो बैलगाड्यांतून आणि बैलांच्या पाठीवरून बाहेर जात असे. ग्रेट इंडियन पेनिन्शुलाची लोहमार्गरेषा अकोला व बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली आणि बैलाच्या वैरणीची जागा कोळशाने घेतली. मूर्तिजापुरास मध्य ठेवून एकीकडे यवतमाळ व दुसरीकडे अचलपूर यांना जोडणारी, लोकांनी ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने संबोधलेली अरुंद लोहमार्गावरील गाडी मुख्यतः कापसासाठीच घातली गेली होती. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन थेट १९९४ पर्यंत चालत राहिले आणि मगच डिझेलच्या इंजिनास जागा देऊन निवृत्त झाले. आता ती गाडीच बंद आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा पाठीमागे लोखंडी भट्टी बसवून कोळशाच्या गॅसवर चालविलेल्या मोटारी या देशातील रस्त्यांवर धावत होत्या. म्हणजे वाहन तेच ठेवून इंधन बदलणे शक्य असते, निकडीच्या काळी ते त्वरेने करताही येते, हे आपल्या आजोबांच्या पिढीने प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

खुद्द डिझेल इंजिनाचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवितो. पॅरिस येथील १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनात या जातीचे एक लहान इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते, आणि इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल याने पुढे वनस्पतिज तेलांच्या भवितव्याविषयी आशा व्यक्त केली होती. मात्र कच्चे वनस्पतितेल दाट असल्यामुळे आजच्या नाजूक पिचकाऱ्यांत ते चालत नाही. म्हणून त्यावर मिथेनॉल या अल्कोहोलाची क्रिया करून त्यातील ग्लिसरीन वेगळे काढावे लागते आणि मग जे पातळ द्रव्य उरते त्यास बायोडिझेल म्हणतात. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल येथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण ते डिझेलशी नीट एकजीव होत नाही आणि केवळ दाबाने पेट घेण्याचा गुणही त्याच्या अंगी नाही. उसाच्या इथेनॉलाने पेट्रोलच्या गाड्यांचा प्रश्न काही अंशी हलका झाला असला, तरी मालमोटारींच्या प्रश्नास त्याने स्पर्शही केलेला नाही.

बायोडिझेलसाठी करंजी, मोगली एरंड अशा अखाद्य तेलबियांची लागवड करावी, असा विचार २००३ च्या सुमारास नियोजन मंडळाच्या समितीने मांडला, आणि पडीक जमिनीवर, पाण्यावाचून, निगेवाचून भरघोस बिया देणारे झाड म्हणून मोगली एरंडाची कीर्ती खेडोपाडी पसरली. अनुभव विपरीत आला. पडीक जमिनीत ते झाड जगते खरे, परंतु बिया देण्यास त्यालाही इतर पिकांप्रमाणेच ओलावा आणि अन्न लागते. आणि चांगली जमीन द्यावी तर तूर वा ज्वारी सोडून ते कोण लावील? सध्याच्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे, प्रत्यक्ष प्रमाण मात्र अद्याप अत्यल्प आहे. सरकीच्या तेलाचा मार्ग वऱ्हाडास जवळचा वाटेल, कारण सरकी ढेपेच्या व्यापारात अकोल्याचे नाव देशभर घेतले जाते; परंतु सरकीचे तेल हे माणसाचे खाद्य आहे, ढेप हे दुभत्या जनावराचे खाद्य आहे, आणि बहुतांश खाद्यतेल परदेशांतून आणणाऱ्या देशाने ते इंजिनात ओतावे ही कल्पना मला मुळीच मान्य नाही. उपाहारगृहांत वारंवार तळून खराब झालेले तेल ही गोष्ट निराळी. असे तेल किती खराब झाल्यावर टाकून द्यावे याची मर्यादा २०१८ पासून कायद्याने ठरलेली आहे, आणि ते पुन्हा हातगाड्यांच्या कढईत जाण्याऐवजी बायोडिझेलच्या कारखान्यात जावे यात आरोग्य आणि हवा या दोहोंचे हित आहे. प्रमाण थोडे, पण हिशेब स्वच्छ. फक्त बायोडिझेलच्या नावाखाली भलतीच औद्योगिक तेले विकण्याचे जे प्रकार राज्यात उघडकीस आले, त्यांचा बंदोबस्त झाल्यावाचून कोणताही शहाणा मोटारमालक आपल्या इंजिनाची बाजी लावणार नाही.

शेणाच्या वायूकडे मी अधिक आशेने पाहतो, परंतु आशेसोबत अंकगणितही ठेवले पाहिजे. हवाबंद टाकीत शेण कुजविले असता निघणाऱ्या वायूत निम्म्याहून थोडा अधिक मिथेन असतो; तो शुद्ध करून, दाबून भरला की नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या कोणत्याही मोटारीत चालतो. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘सतत’ या नावाची योजना सुरू करून असा वायू विकत घेण्याची हमी तेल कंपन्यांमार्फत दिली, आणि शहरी वायुपुरवठ्यात त्याचे प्रमाण २०२५-२६ मध्ये एक टक्का व २०२८-२९ पर्यंत पाच टक्के असावे असे बंधनही पुढे घातले. उकिरड्यावर उघडे पडलेले शेण कुजताना जो मिथेन हवेत सुटतो तो शंभर वर्षांच्या मुदतीत कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे अठ्ठावीस पटींनी अधिक उष्णता धरून ठेवतो, म्हणून तो पकडून जाळणे हा दुहेरी लाभ आहे. पण किती शेण? साधारण पंचवीस किलो शेणापासून एक घनमीटर वायू मिळतो, आणि शुद्ध केल्यावर त्याचे वजन चारशे ग्रॅमच्या आसपास भरते. अकोला-मुंबईच्या ज्या खेपेस १४५ लिटर डिझेल लागते तिला सुमारे सव्वाशे किलो वायू लागेल असे धरले, तर त्या एका खेपेसाठी सात-आठ टन शेण, म्हणजे सातशे ते आठशे जनावरांचे एका दिवसाचे शेण हवे. ट्रॅक्टर आल्यापासून वऱ्हाडातील गोठे रिकामे होत चालले आहेत हे ध्यानात घेता, शेणावर सारी मालवाहतूक चालेल असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. अमरावती-अकोल्याच्या भाजीबाजारांतील टाकाऊ माल, संत्र्यांच्या हंगामातील सडकी फळे, उपाहारगृहांतील खरकटे यांची भर घालून शहराच्या पंचक्रोशीतील लहान मालगाड्या मात्र खात्रीने चालविता येतील. आणखी एक सावधगिरी या भागास विशेष लागू आहे. अशा टाक्यांना पाणी लागते, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी माणसाला पिववत नाही, तेथे जागेची निवड विचारपूर्वकच झाली पाहिजे. टाकीतून उरणारी मळी पुन्हा काळ्या रानात गेली तर तेथील सेंद्रिय अंश टिकेल, हा लाभ वायूच्या किमतीहून कमी नाही.

नैसर्गिक वायू थंड करून उणे १६२ अंशांवर द्रवरूप केला की त्याचे आकारमान सहाशेपटींनी घटते आणि लांब पल्ल्याच्या मोटारीस पुरेल इतका साठा टाकीत मावतो. नागपुरास कामठी मार्गावर ११ जुलै २०२१ रोजी अशा द्रवरूप वायूच्या केंद्राचे उद्‌घाटन झाले, आणि मुंबई-नागपूर वायुवाहिनीसाठी समृद्धी महामार्गाची कड उपयोगात आणली गेली, तेव्हा वऱ्हाडाच्या दाराशी हे इंधन आलेले आहे. त्याने काजळी खूपच कमी होते. कार्बनच्या दृष्टीने पाहता मात्र तो भूगर्भातलाच आहे. धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड पाचव्या हिश्श्याने घटला तरी वाटेत आणि इंजिनात थोडीशी मिथेनगळती झाली की तो नफा बुडतो. याला अंतिम उपाय समजणे मला चूक वाटते. जैविक वायूसाठी मोटारी आणि टाक्या आधी तयार करून ठेवणारी मधली पायरी म्हणून त्याचे स्वागत करावे.

आता विजेचा विचार. विजेवरील मालमोटारीस धुराडेच नसते, म्हणून तिला सरसकट निर्मळ ठरविण्याची घाई होते; पण अकोल्यानजीक पारस येथे अडीचशे मेगावॅटचे दोन संच आणि अमरावतीनजीक नांदगावपेठ येथे २७० मेगावॅटचे पाच संच दगडी कोळशावर उभे आहेत, आणि कोळशाच्या एका युनिट विजेमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भरलेली मोटार किलोमीटरमागे सव्वा ते दीड युनिट वीज घेते असे धरल्यास, निव्वळ कोळशाच्या विजेवर तिचा भार डिझेलपेक्षा कमी तर नव्हेच, उलट अधिक भरतो. हा हिशेब ऐकून विजेवर फुली मारणे मात्र तितकेच अविचाराचे ठरेल. डिझेलच्या मोटारीतील कार्बन ती भंगारात जाईपर्यंत भूगर्भातलाच राहणार. विजेच्या मोटारीतील कार्बन मात्र वीजकेंद्रे जसजशी बदलतील तसतसा आपोआप घटत जाणार. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो, तेव्हा दुपारी ढाब्यांच्या सावलीत मोटारी थांबवून चालक मंडळी विसावा घेतात आणि उन्हे उतरल्यावर मार्गस्थ होतात. नेमक्या त्याच प्रहरांत सौर वीज सर्वाधिक निर्माण होते. महामार्गावरील ढाबे, जिनिंगचे विस्तीर्ण पत्रे, बाजार समित्यांची गोदामे यांवर सौर पट्ट्या बसवून त्या विसाव्याच्या वेळी मोटारी भारित करण्याची तजवीज करणे, ही मला या भागाच्या दिनक्रमास सर्वांत साजेशी योजना वाटते.

आणि येथेच कापसाच्या पऱ्हाटीचा विषय निघतो, ज्यावर मला थोडे थांबावयाचे आहे. कापूस वेचून झाल्यावर हेक्टरी सुमारे दोन टन पऱ्हाटी शेतात उरते. थोडी चुलीत जाते, बहुतेक बांधावर पेटवून दिली जाते. शिवाय गुलाबी बोंडअळीचा मुक्काम पुढील हंगामापर्यंत याच उभ्या झाडांत आणि वाळल्या बोंडांत राहतो, म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळीच उपटून तिचा निकाल लावा, असे कृषी खाते २०१७ च्या भीषण प्रादुर्भावापासून कंठशोष करून सांगत आहे. पऱ्हाटीत लिग्निन नावाचा काष्ठमय घटक फार असल्यामुळे वायूच्या टाकीतील जंतूंना ती पचत नाही. पण भुसा करून दाबून केलेल्या तिच्या कांड्यांचा उष्मांक आपल्याकडील राखट कोळशाच्या तोडीस तोड आहे. कापसावर संशोधन करणाऱ्या मुंबईच्या केंद्रीय संस्थेने पऱ्हाटीच्या उपयोगावर दीर्घकाळ काम केले आहे, आणि औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशासोबत पाच ते सात टक्के जैविक कांड्या जाळाव्यात असे केंद्र सरकारचे धोरणही आहे. एका हेक्टरातील पऱ्हाटीपासून, गोळा करण्याचा व दळण्याचा खर्च वजा जाता, दोन हजार युनिटांच्या आसपास वीज मिळेल असे मी सावधपणे धरतो. एवढ्या विजेत भरलेली मोटार अकोल्याहून मुंबईस जाऊन परत येऊ शकते. ज्या शेताने कापूस दिला त्याच शेताने तो वाहून नेण्याचे बळही द्यावे, यासाठी एक तसूही जमीन अन्नाकडून काढून घ्यावी लागत नाही. अडचण आहे ती पऱ्हाटीच्या फुगीर आकाराची: ट्रॉलीभर पऱ्हाटीचे वजन थोडेच भरते, आणि ती दूर न्यावी तर नेण्यातच डिझेल जळते. म्हणून तुकडे करणारी यंत्रे गावोगावी, शक्यतो बचतगट वा सेवा सोसायटीच्या ताब्यात असली पाहिजेत, अळीचा नाश व्हावा म्हणून ते काम उन्हाळ्यापूर्वीच उरकले पाहिजे, आणि शेतकऱ्यास बांधावर रोख भाव मिळाला पाहिजे. सारी पऱ्हाटी उचलू नये, काही भाग कुजवून जमिनीस परत द्यावा, हेही तितकेच खरे.

हायड्रोजनच्या मोटारींच्या चाचण्या मार्च २०२५ पासून देशात सोळा गाड्यांनिशी सुरू झाल्या आहेत. त्यांचे निष्कर्ष येईपर्यंत वऱ्हाडाने त्यांच्यासाठी अडून राहण्याचे कारण नाही.

राहतो तो खर्चाचा प्रश्न, आणि तो मोटारमालकाच्या माथी टाकून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. आपल्याकडील बहुसंख्य मालमोटारी मोठ्या कंपन्यांच्या नसून एक-दोन, फार तर चार-पाच गाड्या असलेल्या लहान मालकांच्या आहेत. कर्जाचा हप्ता, टायर, विमा आणि डिझेल भागवून त्यांच्या हाती जे उरते त्यातून डिझेलच्या गाडीपेक्षा पुष्कळच महाग असलेली विजेची गाडी घेण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी नाही. २०२५ साली केंद्राने विजेच्या मालमोटारींस कमाल ९ लाख ६० हजार रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद केली, पण तीतून देशभरात मिळून साडेपाच हजारांच्या आसपासच गाड्यांस साह्य होणार आहे. ज्याचा माल वाहिला जातो त्यानेच पहिला भार उचलावा हे न्याय्य. लांब पल्ल्याच्या गाठी आणि ढेप अकोला-बडनेऱ्याच्या विद्युतीकृत लोहमार्गावरून पाठविल्यास टनामागे लागणारी ऊर्जा कितीतरी घटते. मोटारींकडे मग शेत ते बाजार, बाजार ते जिनिंग, जिनिंग ते मालधक्का एवढ्याच फेऱ्या राहतात, आणि या फेऱ्या ठरावीक वाटेच्या, थोड्या अंतराच्या, रात्री मुक्कामी परतणाऱ्या असल्यामुळे वीज आणि जैविक वायू या दोहोंस सर्वांत सोयीच्या आहेत. कापसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन फाल्गुनापर्यंत चालतो. तेवढ्या महिन्यांसाठी जिनिंगमालकांनी एकत्र येऊन अशा गाड्यांना भाड्याची लेखी हमी दिली, तर लहान मालकास बँकेच्या दारात कर्ज मागताना ती दाखविता येईल. आणि मालासोबत जाणाऱ्या बिल्टीवर भाडे, वजन, गाठींची संख्या यांच्या जोडीला या खेपेस क्विंटलमागे किती आणि कोणते इंधन लागले असा एक रकाना वाढविला, तर कापड विकत घेणाऱ्या परदेशी पेढ्या जो कार्बनचा हिशेब आज मागू लागल्या आहेत, तो अकोल्याच्या व्यापाऱ्यास आपल्या दप्तरातूनच देता येईल.